पंप तीनदा धुवावा

१४ जून

साप्ताहिक बंद पडलं त्याला दोन वर्षं झाली. त्यात माझं चार ओळींचं सदर होतं. सदरामुळे साप्ताहिक बंद पडलं नाही, हे मी भेटेल त्याला सांगते. कोणी विचारत नाही, तरी सांगते.

तेव्हापासून माझा सगळा तिखटपणा मोबाइलवर खर्च होतो. सकाळी चहा गाळायच्या आधी रात्रभरात कोणी काय विनोदी टाकलं ते चाळते, शिळं बाजूला काढते आणि ताजं तीन ग्रुपांवर वाढते : गल्लीचा, माहेरचा आणि दहावीच्या बॅचचा. आजचा नग म्हणजे मोटारसायकलवर मागे बसलेली बकरी. हेल्मेट बकरीला, मालक उघडा. महजबीनचं शिवणाचं दुकान आमच्या दुकानासमोरच आहे. ती मशीन थांबवून इतकी हसली की एका ब्लाउजची बाही उलटी लागली.

पण उसनं किती वाढणार? म्हणून गेल्या दिवाळीत स्वतःचं पान काढलं. नाव 'आमचे हे'. इंटरनेटवर बायकोवरचे विनोद ट्रक भरून येतात. परतीचा ट्रक रिकामा जाऊ नये, एवढाच माझा हेतू.

हे म्हणजे रामकिसन. बदनापुरात आमचं बियाणं, खतं, औषधांचं दुकान, मागे घर. यांचं बोलणं हे माझं आयतं भांडवल. भाजी अळणी झाली तर साधा माणूस म्हणेल, मीठ कमी आहे. हे म्हणतात, "भाजीला मिठाची मात्रा शिफारशीपेक्षा कमी पडली." पाहुणे हलेनात तर म्हणतात, "पीक तयार झालंय, काढणी लांबवू नये." मला काही सुचावं लागत नाही. ताट वाढायचं आणि कान उघडे ठेवायचे.

माझी भाची अर्पिता जालन्याला कॉलेजात आहे. ती म्हणते, आत्या, वाचतंय कोण आता, व्हिडिओ करू. करू म्हटलं. जे पानावर टाकता येणार नाही ते इथे लिहीन. म्हणजे फारसं काही उरेल असं वाटत नाही.

१९ जून

पहिला व्हिडिओ झाला. यांचा शर्ट घातला, यांचा चष्मा लावला, फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि हे काउंटरवर उभे राहून गिऱ्हाइकाला सांगतात ते जसंच्या तसं म्हटलं : "तणनाशक मारलेला पंप तीनदा धुवावा. धुण्याचा सोडा टाकून धुवावा. नोझल काढून धुवावं. पाइप धुवावा." मग अर्पितानं कॅमेरा मोरीकडे फिरवला आणि मी माझ्या आवाजात म्हटलं, "आणि हा यांचा चहाचा कप. लग्न झाल्यापासून यानं यांच्या हातचं पाणी बघितलं नाही."

संपलं. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

यांना दाखवला. मनापासून हसले. "बराबर आहे, कप नाही धुतला मी कधी," म्हणाले आणि उठून तिथल्या तिथे धुतला. म्हणजे पुढच्या भागाची वाट लावली. मग दाराशी थांबून म्हणाले, "पण ते पंपाचं खरं आहे बरं का. त्याचा थेंब राहिला तरी कपाशीला चालत नाही."

अहो, कळलं. विनोद सांगितल्यावर ज्याला खुलासा करावासा वाटतो त्याच्याशी संसार करणं सोपं नाही.

२२ जून

पसरला. कसा पसरला! माहेरच्या ग्रुपवर मीच टाकायच्या आत दुसऱ्यानं टाकला, खाली माझं नावसुद्धा नाही. वडीगोद्रीहून चुलतभावाचा फोन, तिकडे हायवेवरच्या हॉटेलात लोक चहा संपला की पोराला कप दाखवून म्हणतात, "तीनदा धू रे."

दुकानात तर मजाच चालली आहे. पोरं मोटारसायकलवरून जाता जाता तीन बोटं दाखवतात. एकजण खास सेल्फी काढायला आला आणि म्हणाला, "काका, बोला ना काहीतरी." हे म्हणाले, "काय बोलू?" तर तो आणि त्याचा मित्र पोट धरून हसले. मी आतून ऐकत होते. 'काय बोलू' यात हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही, पण चालत्या गाडीला हात दाखवू नये.

३० जून

माल आटला. आठवड्यात यांच्या तोंडून पानावर टाकावं असं एक वाक्य निघालं नाही. काल मुद्दाम भाजी अळणी केली. निमूट खाल्ली. मी म्हटलं, "मीठ?" तर म्हणाले, "ठीक." ठीक! या माणसाच्या तोंडून दोन अक्षरी उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

दुकानातही तेच. पूर्वी एका बाटलीमागे अर्धा तास प्रवचन. आता विचारलं की बाटली फिरवून दाखवतात, "मागे लिहिलंय, वाचा." मागचं अक्षर मुंगीच्या पावलाएवढं. लोक खिशात टाकतात आणि जातात.

वय. पन्नाशी ओलांडली की पुरुषांचं असं होतं म्हणे.

महजबीनला विचारलं. ती दोरा तोंडात धरून म्हणाली, "शालू, तुझे मालक माझ्याशी पन सलामशिवाय बोलत न्हाईत. डरते होंगे."

"कशाला डरतील?"

"वो भी छाप देगी करके."

हिला काही सांगायची सोय नाही.

५ जुलै

घरात माल नाही तर बाहेर शोधायचा. अर्पिताच्या डोक्यातून निघालं आणि मी त्याला नाव दिलं : 'अचानक सत्कार'. कपाटात माझ्या सदराच्या काळातल्या सात-आठ शाली पडून होत्या. आपल्याकडे माणूस निवडून आला की शाल, पडला की सांत्वनाची शाल, दवाखान्यातून घरी आला की शाल. म्हटलं, या फिरत्या ठेवू.

आज स्टेशनवर गेलो. सकाळच्या गाडीला जाणाऱ्यांची गर्दी. तिकिटाच्या रांगेत एक गृहस्थ मुकाट उभे होते. मी समोर जाऊन मोठ्यानं म्हटलं, "रांग न मोडता उभे राहिल्याबद्दल आपला जाहीर सत्कार!" आणि शाल टाकली, नारळ हातात दिला. अर्पितानं टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्या रांगेनं वाजवल्या.

गंमत काय, माणूस कशाबद्दल म्हणून विचारतच नाही! शाल दिसली की मान आपोआप वाकते, हात जोडले जातात, चेहरा फोटोचा होतो. केळीची साल डब्यात टाकणाऱ्या बाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "पेपरात येईल ना?" एका मास्तरांनी खिशातून चष्मा काढला आणि दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली. त्यांची गाडी गेली. शाल आणि नारळ नको म्हणणारा मराठवाड्यात जन्माला यायचा आहे.

हे सगळं घरी यांना दाखवलं. "छान आहे," म्हणाले. दोन शब्द. मास्तरांएवढेसुद्धा बोलले नाहीत.

१३ जुलै

आज मी आत पोहे निवडत होते. बाहेर कडूबा आला होता, पलीकडच्या वाडीवरचा, यांचं जुनं गिऱ्हाईक. सोबत कोणीतरी गाववाला. बोलणं असं झालं :

"रामकिसनभाऊ, मक्यात गवत लय माजलंय. काहीतरी द्या."

बाटली ठेवल्याचा आवाज.

"कपाशीवर काय चाललंय?" यांनी विचारलं.

"मावा आलाय. मका झाला की तिच्यावर मारून घेतो."

"पंप एकच?"

"एकच की. दोन कुठून आनू?"

"मग हे मारल्यावर पंप तीनदा धुवायचा."

कडूबानं काय क्षण पकडला! "हाव! आन कप एकदा!" म्हणाला आणि दोघं असे हसले की काउंटरवरची वजनं हलली. "लय हसवता बुवा तुम्ही. आमच्या मंडळीनं तो व्हिडिओ धा वेळा पाह्यलाय." हेही हसले, म्हणजे मला दात दिसले. मग सुट्टे दिले.

मी लगेच अर्पिताला फोन केला, या कडूबाला पुढच्या व्हिडिओत घे, उपजत आहे त्याच्यात. हे तेवढ्यात आणखी दोन वाक्यं बोलले असते तर अख्खा प्रसंग झाला असता. नाही बोलले. कडूबा गेल्यावर रस्त्याकडे बघत बसले होते.

२४ जुलै

दोन ऑगस्टला यांचा वाढदिवस. ठरलं : यांचाच अचानक सत्कार, दुकानासमोर, भर दुपारी. फ्लेक्सवर यांचा लग्नातला फोटो आणि खाली 'पंपरत्न'. ताशावाला सांगितला. पुठ्ठ्याचा पुरुषभर उंच कप अर्पिता जालन्याहून करून आणणार. कॅमेरा महजबीनच्या दुकानात लपवायचा.

महजबीननं विचारलं, "उनको पूछा क्या?"

"विचारलं तर अचानक कसला?"

"मंग राहू दे."

"अगं, खूश होतील. गेला महिनाभर तोंड पाडून बसलेत, जरा हवा येईल."

तिनं मशीन सुरू केलं. बोलणं संपलं की ती मशीन सुरू करते. शेवटी कॅमेरा ठेवू दिला, पण अशा चेहऱ्यानं, जणू मी तिच्या दुकानात चोरीचा माल ठेवत होते.

२ ऑगस्ट

जे झालं ते झालं तसं लिहिते.

दुपारी ताशा सुरू झाला. माणसं जमायला वेळ लागत नाही, फ्लेक्स बघून निम्मा बाजार आला. हे काउंटरमागून उठले. मी माइक घेतला आणि सुरुवात केली. हे उभ्याउभ्या ऐकत होते, हात काउंटरवर टेकलेले.

एवढ्यात गर्दीतून कडूबा पुढे आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेली कपाशीची उपटलेली झाडं. मला वाटलं, अर्पितानं आणलाय. मीच सांगितलं होतं ना. अर्पिताला वाटलं, आत्यानं आणलाय. पुष्पगुच्छाच्या जागी कपाशी, काय कल्पना, असं माझ्या मनात आलं. हे आता लिहिताना हात थांबतो, पण आलं.

मी त्याचा दंड धरून त्याला मध्ये ओढला. माइकवर म्हटलं, "पंप तीनदा धुणाऱ्या पहिल्या शेतकऱ्याचा प्रथम सत्कार!" यांच्यासाठी आणलेली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. त्याची मान वाकली. नारळ दिला, त्यानं दोन्ही हातांत घेतला. त्यासाठी त्याला झाडं काखेत आवळून धरावी लागली. टाळ्या झाल्या. मी माइक त्याच्या तोंडाशी नेला.

तो म्हणाला, "म्या न्हाई धुतला."

हसू फुटलं. ताशावाल्यानं एक ठोका दिला.

"भाऊ, कपाशी गेली," तो यांच्याकडे बघून म्हणाला.

आणखी हसू. मागून कोणीतरी, "कडूबा, भारी!" एकानं त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. कडूबा शाल घेऊन तसाच उभा. शाल घातलेल्या माणसाला ओरडता येत नाही, रडताही येत नाही. तो एकेकाकडे बघून मान लववत होता.

हे काउंटरच्या बाहेर आले. त्याच्या काखेतलं एक झाड काढून घेतलं, शेंड्याचं पान बोटांवर पसरलं. कपाशीचं पान तळव्यासारखं असतं. हे भेंडीच्या पानासारखं, चिरलेलं, आखडलेलं. यांनी ताशावाल्याला थांब म्हणून हात केला. त्याला वाटलं, जोरात वाजव म्हणताहेत. त्यानं वाजवलं. हे कडूबाच्या कोपराला धरून त्याला आत घेऊन गेले आणि शटर खाली ओढलं.

लोकांनी शटरला टाळ्या दिल्या.

मी बाहेरच राहिले होते. माझ्या हातात माइक होता आणि मागे पुठ्ठ्याचा कप.

३ ऑगस्ट

काल हे मागच्या दारानं कडूबाला मोटारसायकलवर घेऊन गेले ते अंधार पडल्यावर आले. जेवताना बोलले. महिन्याभरानं इतकं बोलले, म्हणून लिहिते.

म्हणाले, "पूर्वी मी हे प्रत्येकाला दोनदा सांगायचो. बाटली देताना एकदा, आणि तो गाडीला किक मारायला लागला की बाहेर जाऊन पुन्हा एकदा. त्या दिवशी एकदा सांगितलं. तो हसला, मग मीही हसलो. बाहेर जायची लाज वाटली."

मी विचारलं, "माझ्यामुळे?"

"पुन्हा सांगायचं काम माझं होतं," म्हणाले. मग म्हणाले, "वरण छान झालंय." तेवढ्यावर विषय संपला.

सकाळी अर्पिता आली, रात्रभर जागून व्हिडिओ कापलेला. "आत्या, ते 'कपाशी गेली' म्हणतात ना, तिथं ताशा बंद केलाय. नुसता चेहरा. बघच तू. लाखांत जाईल."

"अर्पिता, कपाशी खरंच गेली आहे."

ती थांबली. "म्हणजे ते…"

"दीड एकर."

"मग तर आणखी…" म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. तिचा चेहरा पडला. पोरगी वाईट नाही. जे माझ्या डोक्यात एक क्षण येऊन गेलं, ते तिच्या तोंडून निघालं एवढंच. व्हिडिओ माझ्यासमोर पुसून टाकला तिनं.

उपयोग काही नाही. गर्दीतल्या चौघा-पाचांनी आपापले टाकले होते. दुपारी माहेरच्या ग्रुपवर आला. कडूबा शाल घालून मान लववतो आहे आणि खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे.

५ ऑगस्ट

आज मी कडूबाच्या वाडीवर गेले. एकटी. हे म्हणाले होते की पीक सगळं गेलेलं नाही, आखडलेले शेंडे खुडायचे, मी देतो त्याची हलकी फवारणी करायची, बाजूनं नवी फूट येईल. पण आठवडा गेला तर येणार नाही. आणि कडूबा काही शेंडे खुडत नव्हता.

का, ते त्याच्या बायकोनं सांगितलं. पुष्पाबाई. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी शिव्या खायला तयार होऊन गेले होते. तिनं चहा ठेवला.

आत देवाच्या फळीवर माझा नारळ. शेजारी शाल, घडी घालून.

"फेकून का नाही दिलं हो ते?" मी विचारलं.

"मानाचं हाय. फेकायचं कसं?" मग म्हणाली, "आमच्या मालकाला जल्मात पहिल्यांदा कोनी शाल घातली. तेच्यासाठी कपाशी जळावी लागली."

ती हसली नाही.  

"मग शेंडे का खुडत नाहीत?"

"आता काय सांगू ताई. गावात म्हनतात, रामकिसन दुकानदार म्हंजी तो मोबाइलमधला. त्यानं सांगितलं शेंडे खुडा, उद्या म्हनंल झाडाला कपानं पानी घाला. येतील तेच्यात आनखी एक व्हिडिओ काढाया. मालकाची बी हिंमत व्हईना, लोक हसतेत." तिनं माझ्या हातात कप दिला आणि समोर बसली. "तुमी दोघं बी नुसतं बोलता. आता हे जे सांगितलं, ते हसायचं का करायचं, तेवढं सांगा. बिलकुल खरं सांगा."

"करायचं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढं काहीतरी येईल म्हणून थांबली असावी. मी चहा ठेवला आणि विचारलं, शेत कुठल्या बाजूला. मग आम्ही दोघी गेलो आणि खुडायला लागलो. थोड्या वेळानं कडूबा आला, बांधावर उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि पलीकडच्या ओळीपासून सुरू झाला. माझ्याशी बोलला नाही. वाकून वाकून कंबर मोडली. शेतात मोबाइल तीनदा वाजला, उचलला नाही, हात चिकट झाले होते.

९ ऑगस्ट

कडूबाचं झालं, पण बाकीच्यांचं काय? मक्यात तणनाशक मारणारे आणि तोच पंप कपाशीवर नेणारे तालुक्यात काही तो एकटा नाही. ज्यांनी माझा व्हिडिओ बघितला त्या सगळ्यांना आता पंप धुणं म्हणजे विनोद.

म्हणून काल खरा व्हिडिओ केला. माझी साडी, माझा चष्मा, अर्पिताला सांगितलं, काही कापायचं नाही, संगीत नाही. सरळ सांगितलं : पंप का धुवायचा, न धुतल्यानं काय होतं, आणि आखडलेलं पान दाखवलं. शेवटी म्हटलं, "हा विनोद नाही."

आज सकाळी उघडून बघितला.

'काय चेहरा ठेवलाय मॅडमनी, तोड नाही!'

'हा विनोद नाही, हे तर लईच भारी.'

'शेवटी कप दाखवा ना.'

दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला तो वर मजकूर घेऊन : 'नक्की बघा, पोट धरून हसाल.' पाठवणारी माझ्याच बाकावर बसायची.

यांना दाखवला. यांनी पूर्ण बघितला, खालचं सगळं वाचलं आणि मोबाइल मला परत दिला. "आता तुला पण," म्हणाले.

टोमणा नव्हता. मला टोमणा कळतो. माझा धंदाच तो.

११ ऑगस्ट

पान बंद केलं. अर्पिताला म्हटलं, तू स्वतःचं काढ, मला सांगू नकोस. ती म्हणाली, "आत्या, तू थांबू नको गं, तुझ्याइतकं कोणाला जमत नाही." तेही खरं आहे, आणि मला ऐकायला बरं वाटलं, हेही खरं.

महजबीन संध्याकाळी स्वतःहून आली. बकरीचा नवा व्हिडिओ आणला होता, यावेळी बकरी रिक्षात. हसले मी. हसू काही कुठं गेलं नाही.

१४ ऑगस्ट

आज बाजार. मी यांना सकाळी म्हटलं, "पंप घ्या, दोन बादल्या घ्या, सोड्याचं पाकीट घ्या. बाजारात चला."

"मी तोंड उघडलं की हसतात."

"मग उघडू नका. उभे राहा."

भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, हापशाजवळ जागा धरली. मी पदर खोचला आणि पंप धुवायला घेतला. मोबाइल घरी ठेवला होता. बोलले काही नाही. पाणी घातलं, सोडा टाकला, झाकण लावून हलवला, दांडा मारून पाइपातून सगळं रिकाम्या बादलीत काढलं. नोझल काढलं, धुतलं.

माणसं जमली. जमणारच होती. ओळखलंच सगळ्यांनी. "आले बे, आमचे हे आले!" पंधरा-वीस मोबाइल वर झाले. मी दुसऱ्यांदा पाणी घातलं. लोक वाट बघत होते. एकजण म्हणाला, "आता म्हनतीन बघ." मी म्हटलं नाही. दुसरा म्हणाला, "कप कुठाय मॅडम?" मी हलवत राहिले. तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा मागचे सटकायला लागले. "काहीच न्हाई राव," कोणीतरी म्हणालं. मोबाइल एकेक करून खिशात गेले. इतक्या लोकांना निराश करायला मला चार ओळींच्या सदरातसुद्धा जमलं नव्हतं.

शेवटी दोन-तीन माणसं उरली, तीही उन्हातून सावली म्हणून उभी असतील. आणि एक बाई. डोक्यावर टोपलं, टोपल्यात कोथिंबीर. ती सुरुवातीपासून होती. ती पुढं आली आणि मला नाही, यांना विचारलं,

"दादा, हे धुतलेलं पानी कुठं टाकायचं? आमची शेळी पेती."

यांनी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. हे दोन पावलं पुढे गेले. "मावशी, वढ्याला नाही टाकायचं आणि हापशाजवळ तर बिलकुल नाही," म्हणाले, आणि थांबले. ती ऐकत होती. मग हे बोलायला लागले, पूर्वी बोलायचे तसे, सावकाश, पूर्ण वाक्यात : पडीक जमिनीत, विहिरीपासून लांब, खड्डा कसा घ्यायचा, शेळीला त्या बाजूला किती दिवस सोडायचं नाही, हात कशानं धुवायचे. बाईनं टोपलं खाली ठेवलं आणि ऐकलं. तिची निघायची वेळ झाली तेव्हा हे तिच्यामागून चार पावलं गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं.

मी धुतलेल्या पाण्यानं भरलेली बादली उचलून धरून उभी होते, हापशाच्या नालीच्या अगदी काठावर. ती कुठं ओतायची ते मलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.